विशेष मुलांच्या पालकांचं हक्क-प्रशिक्षण: पहिल्या बैठकीपासून पोच हातात येईपर्यंत

रविवारी सकाळी दहाला हॉल भरतो. प्रोजेक्टरवर कायद्याची कलमं सरकत राहतात, मधे चहा-बिस्किटं, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. सोमवारी त्याच हॉलमधली एखादी आई मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये उभी असते, ‘बाई, आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे ऐकते आणि ‘बरं’ म्हणून घरी येते. आदल्या दिवशी जे ऐकलं त्यातलं एक वाक्यही तिच्या तोंडून निघत नाही, कारण ते तिने कधी उच्चारून पाहिलेलंच नसतं.

मी स्वतः भरवलेले पहिले दोन कार्यक्रम असेच वाया गेले. पुढे चुका करत करत जो क्रम हाती आला, तो इथे देते आहे. गट चालवणारी व्यक्ती पालक असो, विशेष शिक्षक असो की संस्थेतली कार्यकर्ती, क्रम हाच ठेवावा. लेख महाराष्ट्रातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांपुरता आहे.

सुरुवातीलाच एक कसोटी ठरवा. प्रशिक्षण संपेपर्यंत प्रत्येक पालकाने आपल्या मुलासाठी एक खरं पत्र लिहिलेलं असावं, ते खऱ्या कार्यालयात दिलेलं असावं आणि त्याची शिक्का मारलेली पोच फायलीला लावलेली असावी. एवढं झालं तर प्रशिक्षण झालं. हजेरीपत्रक, फोटो, अभिप्रायाचे फॉर्म यांवरून काहीही कळत नाही.

## तयारी

### १. गट बांधा: दहा-बारा जण, एकाच तालुक्यातले

पन्नास पालकांची सभा होते, प्रशिक्षण होत नाही. प्रत्येकाला दर बैठकीत बोलायला मिळायला हवं, म्हणून दहा ते बारा कुटुंबं पुरेत.

‘फक्त ऑटिझमवाले’ किंवा ‘फक्त कर्णबधिर’ असा गट करायचा मोह होतो. शाळेच्या कामासाठी त्याने फारसा फायदा होत नाही. गट एका तालुक्यातला किंवा एका महानगरपालिकेतला असणं जास्त महत्त्वाचं, कारण मग सगळ्यांचे गटशिक्षणाधिकारी तेच, आवकचं टेबल (येणारी पत्रं नोंदवून घेतात ते) तेच. एकीचा अनुभव दुसरीच्या थेट कामी येतो. मुलांचं वय मात्र फार पसरू देऊ नका. पाचवीतल्या मुलाची आई आणि अठरा पूर्ण व्हायला आलेल्या मुलीचे वडील यांचे प्रश्नच वेगळे असतात. अठराच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी कायदेशीर पालकत्वाची स्वतंत्र बैठक ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर ते काम नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे चालतं.

### २. मुलं कुठे बसणार, हे आधी ठरवा

गट फुटतात ते बहुतेक याच एका कारणाने. आईला यायचं असतं, पण मुलाला सांभाळायला कोणी नसतं. म्हणून जागा घेतानाच शेजारची एक खोली मुलांसाठी घ्या आणि मुलांची सवय असलेल्या दोन-तीन मदतनीसांना तिथे बसवा. प्रत्येक पालकाकडून एका पानावर लिहून घ्या: मूल कशाने घाबरतं, कशाने शांत होतं, काय खात नाही, फिट येते का, संडासला जायचं असेल तर काय खूण करतं.

दर पंधरा दिवसांनी दोन तास, अशा सहा बैठका ठेवा. सलग दोन दिवस भरगच्च शिबिर घेऊ नका. मधल्या पंधरवड्यात पालकांना कामाच्या दिवशी कार्यालयात जायचं असतं, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

वडिलांना बोलवा. नाही आले तर आजी, मामा, काका चालतील. पण पहिल्याच दिवशी एक नियम सांगून टाका: ज्या घरातून दोघं आले असतील, तिथे दोघांनी आळीपाळीने बोलायचं. नाहीतर रोज शाळेत जाते आई आणि बैठकीत बोलतात वडील, असं चित्र होतं.

### ३. घरची फाईल आधी, बाकी सगळं नंतर

पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकाने कागद आणायचे. बहुतेकांचे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतात: डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, थेरपीच्या पावत्या, २०१९ चा कुठलासा अहवाल, आणि त्यात दिव्यांग प्रमाणपत्राची मूळ प्रत चार घड्या घालून. ती पिशवी गटासमोर उलटी करा आणि तिथेच फाईल लावा. या क्रमाने:

- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र)
- तपासणी व थेरपीचे अहवाल, सर्वांत नवा वर
- शाळेची प्रगतिपुस्तकं, वहीच्या दोन-चार पानांच्या प्रती
- शाळेशी झालेला पत्रव्यवहार
- शेवटी एक कोरी वही: तारीख, कोण भेटलं, आपण काय मागितलं, ते काय म्हणाले

थर्मल कागदावरची पावती किंवा आलेख काही महिन्यांत पांढराफटक होतो. त्याची झेरॉक्स आजच काढा.

सावध राहा. मूळ कागद कुठल्याही कार्यालयात ठेवून येऊ नका. पडताळणीला दाखवायचे आणि तिथल्या तिथे परत घ्यायचे. ‘राहू द्या, उद्या घेऊन जा’ या बोलण्यात माझा एक अहवाल कायमचा गेला.

पुढे जाण्याआधी तपासा: फाईलमधून हवा तो कागद अर्ध्या मिनिटात निघतो का? शेजारच्या पालकाला वेळ लावायला सांगा. हसतील सगळे, पण करा.

## बैठका

### ४. पहिली बैठक: तक्रारीतून मागणी तयार करा

इथे कायदा काढू नका. हीच चूक सर्वांत जास्त होते. गट चालवणाऱ्याला कलमं पाठ असतात आणि ती दाखवायची घाई असते. पण काय मागायचं तेच ठरलेलं नसेल, तर कलम लावणार कशाला?

प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं: शाळेत सध्या काय अडलं आहे? बाकीच्यांनी ऐकताना कागदावर एकच गोष्ट लिहायची: ‘हिला नेमकं काय हवं आहे?’ मग सगळे कागद वाचून दाखवायचे. अकरा जणांनी अकरा वेगळ्या गोष्टी लिहिल्या असतील, तर मागणी अजून तयार नाही.

एक उदाहरण. एक आई म्हणते, ‘शाळा माझ्या मुलाला समजूनच घेत नाही.’ खरं आहे, पण यावर मुख्याध्यापक उद्या सकाळी काय करणार? तिला विचारत जा. कधी असं वाटलं? चाचणीच्या दिवशी. काय झालं? पेपर अर्धा कोरा राहिला. का? सूचना कळायलाच वेळ गेला, आणि शेवटच्या बाकावरून फळा दिसत नव्हता. आता मागण्या आपोआप समोर येतात: चाचणीत तासाला २० मिनिटं जादा, पहिल्या बाकावर जागा, तोंडी दिलेली सूचना फळ्यावरही लिहावी.

मागणी तयार झाली का, हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात. ती कोण पूर्ण करणार? कधीपर्यंत? झाली की नाही, हे बाहेरच्या माणसाला दिसेल का? ‘प्रेमाने वागवा’ ही मागणी तिसऱ्या प्रश्नाला गळते. ‘मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका किंवा सेविका यांपैकी एक जण मैदानात त्याच्या जवळपास असावी’ ही टिकते.

एका पत्रात एक मूल आणि फार तर तीन मागण्या. काही पालक चौथी, पाचवी, सहावीही जोडतात, आणि शाळा त्यातली सर्वांत बिनखर्चाची उचलून ‘आम्ही सहकार्य केलं’ म्हणून मोकळी होते.

मुलालाही विचारा. बोलत नसेल तर चित्रं दाखवून, जागा दाखवून, जसं जमेल तसं. आपल्याशी संबंधित गोष्टींवर मत मांडण्याचा दिव्यांग मुलांचा हक्क दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४ मध्येच आहे. आमच्या गटातल्या एका आईने ‘पहिला बाक’ मागायचं ठरवलं होतं. मुलाने खिडकीजवळची जागा दाखवली. पंख्याचा आवाज त्याला सहन होत नव्हता आणि पहिला बाक नेमका पंख्याखाली होता.

या बैठकीत कोणीतरी रडतंच. रडू द्या, पाणी द्या, थांबा. पण दोन्ही तास त्यात जाऊ देऊ नका. बैठकीनंतर अर्धा तास मोकळा ठेवला, तर मन हलकं करायला तो पुरतो, आणि बैठकीचं काम बैठकीत होतं.

पुढे जाण्याआधी तपासा: प्रत्येकाची मागणी एका वाक्यात, तारखेसह, वहीत लिहिलेली आहे का?

### ५. दुसरी बैठक: कायदा, पण गरजेपुरता

आता कलमं काढा. फार नाहीत, इतकीच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे.

- कलम १६: मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणं, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करणं आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं.
- कलम १७: अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत बदल, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. पुस्तकं आणि साधनंही याच कलमात येतात.
- कलम ३१: ६ ते १८ वयोगटात, जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण.

शिक्षण हक्क कायदा, २००९. त्यातून सध्या एकच गोष्ट घ्या, शाळा व्यवस्थापन समिती. तिचं काम दहाव्या टप्प्यात येईल.

दोन गैरसमज इथेच मोडून काढा, नाहीतर ते शेवटपर्यंत त्रास देतात.

पहिला, ‘आमची शाळा खासगी आहे, हे आम्हाला लागू नाही.’ कलम १६ सरकारी अनुदान असलेल्या शाळांइतकंच सरकारमान्यता असलेल्या शाळांनाही लागू होतं. शाळेच्या पाटीवर मान्यता क्रमांक असेल, तर ती शाळा या कलमात येते.

दुसरा, ‘प्रमाणपत्रावरचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे, म्हणजे काहीच मिळणार नाही.’ मोफत शिक्षण आणि मोफत साधनं यांना ४० टक्क्यांची अट आहे. वर्गातल्या वाजवी सोयींच्या कलमात ती नाही. मात्र दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी बोर्डाला हवं ते प्रमाणपत्र लागतंच, आणि तो अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. त्याची चौकशी नववीतच सुरू करा.

सावध राहा. पहिल्याच भेटीत कलम तोंडावर फेकू नका. पत्रात एका ओळीत लिहा आणि बैठकीत मुलाबद्दल बोला. ज्याला कलमाने धमकावलं तो माणूस उद्या वर्गात आपल्याच मुलासमोर उभा असतो.

### ६. या पंधरवड्याचा गृहपाठ: नकाशा काढून आणा

कोणाकडे जायचं, हे पुस्तकातून न सांगता पालकांना स्वतः शोधायला लावा. साधारण उतरंड अशी असते: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी. महानगरपालिकेच्या हद्दीत पालिकेचा शिक्षण विभाग. सगळ्यात वर पुण्यातले दिव्यांग आयुक्त. समग्र शिक्षा योजनेखाली समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षकही तालुक्यात काम करतात आणि त्यांची माहिती गट साधन केंद्रात मिळते. अनेक पालकांना हे माहीतच नसतं आणि ‘विशेष शिक्षक नाही’ हे उत्तर ते शेवटचं समजतात.

दोघादोघांनी जाऊन बघून यायचं: आवक-जावकचं टेबल कुठल्या खोलीत, टपाल किती वाजेपर्यंत घेतात, जेवणाची सुट्टी कधी, साहेबांचा भेटीचा वार कोणता. पत्र न देता नुसतं बघून यायचं. पुढच्या वेळी पत्र घेऊन जाताना पाय लटपटत नाहीत.

### ७. तिसरी बैठक: पत्र

सात पानी पत्र कोणी वाचत नाही. जन्माच्या वेळची गुंतागुंत, सासरचं दुर्लक्ष, थेरपीवर झालेला खर्च हे सगळं खरं असतं, पण या पत्रात त्याची जागा नाही. एक पान पुरे. नमुना:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक
>
> विषय : इयत्ता ५ वी ‘ब’ मधील विद्यार्थ्यास वर्गात व चाचण्यांमध्ये सोयी मिळण्याबाबत.
>
> महोदय,
> माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता ५ वी ‘ब’ मध्ये शिकत आहे. त्याला स्वमग्नता असून दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. एकामागून एक तोंडी सूचना आल्यास त्या त्याच्या लक्षात राहत नाहीत. लिहिलेली सूचना तो व्यवस्थित पाळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ व १७ नुसार पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती :
> १. प्रत्येक चाचणीत तासाला २० मिनिटे जादा वेळ.
> २. खिडकीजवळची कायम जागा.
> ३. चाचणीच्या व गृहपाठाच्या सूचना फळ्यावर लिहून देणे.
>
> वरील सोयी पहिल्या घटक चाचणीपूर्वी सुरू कराव्यात व त्याबाबत १५ दिवसांत लेखी कळवावे. चर्चेसाठी मी शाळेच्या वेळेत येऊ शकते.
>
> आपली विश्वासू,
> (सही, तारीख, फोन)
>
> सोबत : दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत

‘त्याला काय जमत नाही’ याच्या लगेच पुढे ‘कसं दिलं तर जमतं’ हे यायलाच हवं. पत्रातलं सर्वांत उपयोगी वाक्य तेच, कारण शिक्षकाला काय करायचं ते त्यातून कळतं.

पत्र लिहून झालं की अदलाबदल करा. दुसऱ्याचं पत्र वाचून लाल पेनाने तीन गोष्टींवर खुणा करायच्या: धमकी, गयावया आणि विशेषणं. ‘मेहरबानी करून’ खोडा. ‘अन्यथा कोर्टात खेचू’ खोडा. ‘अत्यंत बेजबाबदार’ खोडा. आणि पहिल्याच पत्राच्या प्रती मंत्र्यांपासून वर्तमानपत्रापर्यंत पाठवू नका. वरची दारं आधीच वाजवली, तर पुढे वाजवायला काही उरत नाही.

पोच घेण्याची पद्धत. दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. टेबलावरचं माणूस ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ म्हणालं, तर ‘चालेल, फक्त या प्रतीवर शिक्का द्या’ म्हणून उभं राहायचं. शाळेने पोच नाकारली, तर त्याच दिवशी तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचल्याची नोंद फायलीत लावा. शाळेचा ईमेल असेल तर तिथेही टाका. भांडू नका, पोस्टात जा.

पुढे जाण्याआधी तपासा: चौथ्या बैठकीला किती जणांच्या हातात पोच आहे? निम्म्याहून कमी असतील, तर पुढचा विषय सुरू करू नका. उरलेल्यांबरोबर गटातलं कोणीतरी कार्यालयात जावं आणि मगच पुढचं काम.

### ८. चौथी आणि पाचवी बैठक: केबिनमधलं बोलणं

दोन्ही बैठका याच एका कामाला द्या. तिघांचा गट करा: एक पालक, एक मुख्याध्यापक, एक नोंद घेणारा. दहा मिनिटांनी भूमिका बदला. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर पालकांना एक गोष्ट हमखास कळते: समोरचा नेमकं काय मागतो आहे, हेच तिकडून ऐकू येत नसतं.

शाळेची काही वाक्यं ठरलेली असतात. त्यांची उत्तरं तोंडात बसेपर्यंत घोकून घ्या.

*‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत.’* ‘या पत्रात मी विशेष शिक्षक मागितलेला नाही. जागा, जादा वेळ आणि फळ्यावरची सूचना मागितली आहे. यातलं काय अडचणीचं आहे, ते सांगा.’

*‘बाकीचे पालक तक्रार करतात.’* ‘नेमकी काय तक्रार आहे? कोणत्या तासाला तसं होतं? आपण त्या तासाचं बघू.’ नावं विचारू नका. ती मिळतही नाहीत आणि वैर वाढतं.

*‘तुम्हीच रोज वर्गाबाहेर बसा.’* हे ‘हो’ म्हणायला सर्वांत सोपं आणि नंतर सर्वांत महाग पडणारं. ‘पहिला आठवडा त्याची सवय समजावून सांगायला मी येते. अमुक तारखेनंतर शाळेने कोणाला नेमायचं, ते आज ठरवू या.’

*‘त्याच्या भल्यासाठी सांगतो, विशेष शाळेत घाला.’* ‘आमची निवड ही शाळा आहे. तुमचं मत वेगळं असेल, तर कारणांसह लेखी द्या, मी फाईलला लावते.’ लेखी म्हटलं की सहसा सूर बदलतो.

*‘बघू, करू या.’* ‘कधीपर्यंत? मी तारीख लिहून घेते.’ आणि खरंच वही उघडून पेन काढायचं.

आता सर्वांत अवघड भाग: मागणी मांडल्यावर गप्प बसणं. मला स्वतःला हे कित्येक वर्षं जमलं नाही. लेक तिसरीत असताना मी मुख्याध्यापिकांच्या समोर बसून जादा वेळ मागितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, कागदाकडे पाहिलं. ती दहा-बारा सेकंदांची शांतता मला सोसली नाही आणि मीच बोलून गेले, ‘नाही जमलं तरी चालेल हो.’ त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘बरं झालं तुम्ही समजून घेतलंत.’ ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. म्हणून सरावात घड्याळ लावून वीस सेकंद गप्प बसवते मी सगळ्यांना. मागणी बोलायची, तोंड मिटायचं, समोर बघायचं.

खऱ्या भेटीला एकटं जाऊ नका. सोबत गटातलं एक माणूस न्या, पण त्याने फक्त लिहायचं. दोघंही बोलायला लागले की बैठक भांडणाकडे वळते. आत जाताना ओळख करून द्या: ‘या माझ्याबरोबर आहेत, टिपणं घेतील.’

त्याच संध्याकाळी शाळेला चार ओळी पाठवा: ‘आज ११ वाजता भेट झाली. अमुक दोन गोष्टी सोमवारपासून सुरू होतील असं ठरलं. तिसरीबद्दल २० तारखेपर्यंत कळवणार आहात. काही चुकलं असल्यास सांगावे.’ तोंडी आश्वासनाचा कागद असा तयार होतो.

सावध राहा. चोरून रेकॉर्डिंग करू नका. मुलाचा रडतानाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकू नका. त्या दिवशी सहानुभूती मिळते, पण तो व्हिडिओ मुलाच्या मागे राहतो आणि शाळेला ‘आमची बदनामी केली’ म्हणायला कारण मिळतं.

## पत्र दिल्यानंतर

### ९. पाठपुरावा: तारखा आधीच लिहून ठेवा

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पत्र दिलं त्याच दिवशी वहीत पुढच्या तीन तारखा लिहा.

१५ वा दिवस. उत्तर नसेल तर स्मरणपत्र. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख घालून तीन ओळी.

३० वा दिवस. गटशिक्षणाधिकारी किंवा पालिकेच्या शिक्षण विभागाकडे पत्र, सोबत आधीच्या दोन्ही पोचांच्या प्रती. याचीही पोच.

६० वा दिवस. शिक्षण कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये. इथे ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका, कारण ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. असं लिहा: ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या व पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात.’ अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत बसवा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. कित्येकदा टिपणी शोधायला घेतल्यावरच फाईल पहिल्यांदा उघडली जाते.

त्यानंतरही हाललं नाही, तर दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. आयुक्तांना चौकशीच्या कामात दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली, की संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांच्या आत केलेली कार्यवाही कळवायची असते. तिथे नीट लावलेली फाईल घेऊन गेलात, तर अर्धं काम झालेलं असतं. आधीच्या पोचा नसतील, तर पहिला प्रश्न येतो, ‘शाळेला लेखी दिलं होतं का?’

### १०. सहावी बैठक: एकट्याच्या मागणीतून गटाची मागणी

सगळ्यांच्या वह्या एकत्र मांडा. तीन किंवा जास्त पालकांनी स्वतंत्रपणे जे मागितलं असेल, तीच गटाची मागणी. गटप्रमुखाला जे आवडतं ते नव्हे. ती मागणी दोन ठिकाणी नेता येते.

एक, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रतिनिधित्व द्यावं लागतं आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुलं त्या गटात येतात. खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते. बाकी ठिकाणी पुढची निवड कधी आहे, ते आजच विचारून या.

दोन, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. रॅम्प, स्वच्छतागृहात धरायला दांडी, खेळणी यांची मागणी ग्रामसभेत मांडता येते. आधी माहिती अधिकारात गेल्या वर्षीचा खर्च मागवा, मग ग्रामसभेत उभं राहा.

बोलणारं माणूस दर वेळी वेगळं ठेवा. प्रत्येक गटात एक जण असतो जो छान बोलतो, इंग्रजी येतं, साहेबांना ओळखतो. त्याच्यावर सगळं सोपवलं की सहा महिन्यांनी त्याची बदली होते आणि गट संपतो. आमच्या गटात सर्वांत चांगलं निवेदन केलं ते एका भाजीविक्रेत्या बाईंनी. रोज शंभर जणांशी भाव ठरवणाऱ्या बाईला गप्प बसून समोर बघणं शिकवावं लागलं नाही.

दुसऱ्याच्या मुलाचं उदाहरण देताना त्या पालकाला आधी विचारा, नाव आणि शाळा गाळा. पैशाचा प्रश्न आलाच, तर पहिल्या दिवसापासून हिशोबाची वही दोघांच्या सहीने ठेवा.

### ११. नव्वदाव्या दिवशीची तपासणी

शेवटच्या बैठकीनंतर तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा एकदा बोलवा. भाषण नको. फळ्यावर प्रत्येक कुटुंबापुढे पाच रकाने: पत्र दिलं, पोच आहे, भेट झाली, मागणी पूर्ण झाली, पुढची तारीख.

‘मागणी पूर्ण झाली’ रिकामं असेल तर चालतं, काही मागण्यांना वर्ष लागतं. ‘पुढची तारीख’ रिकामी असेल, तर त्या कुटुंबाचं काम थांबलं आहे. अशा प्रत्येकाला गटातला एक जोडीदार द्या आणि तारीख तिथेच लिहून घ्या.

नवा गट सुरू करायचा असेल, तर या गटातल्या दोघांना सोबत घ्या. एक ज्याचं काम झालं तो, आणि एक ज्याचं अजून अडलेलं आहे तो. आणि ‘पोच आहे’ या रकान्यात निम्म्याहून जास्त जागा कोऱ्या असतील, तर नव्या गटाची तारीख पुढे ढकला. याच पालकांना घेऊन कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला पंचायत समितीच्या आवक टेबलापाशी जमा.